मळखाऊ रंग

तुळशीचं लग्न आटोपलं, वृंदावनाला बांधलेला ऊस सुकून पिवळा पडला, आणि परवा सकाळी वळणावरून यंदाचा पहिला टिपर आला. तो रिकामा आहे की भरलेला, हे मला स्वयंपाकघरात बसून कळतं. रिकामा ट्रक खडखडतो, भरलेला कण्हतो. हा कण्हत होता. म्हणजे सिझन सुरू झाला. गोव्यात आमच्या डिचोलीकडे सिझन म्हटलं की कुणी काजूचा की आंब्याचा असं विचारत नाही. पाऊस संपतो, खाणीचे रस्ते सुकतात, आणि लोखंडाची माती, जिला आम्ही नुसती मातीच म्हणतो, ती जेटीकडे जायला लागते. तो सिझन. मी चहा अर्धा ठेवून उठले, कपाटातून माझा पांढरा कुर्ता काढला आणि अंगणातल्या दोरीवर टाकला. तो ओला नव्हता. मला तो वाळवायचा नव्हता, नुसता टांगायचा होता.

सासूबाई पायरीवर नारळ सोलत होत्या. त्यांना आम्ही सगळे मांय म्हणतो. त्यांनी मान वर केली, कुर्त्याकडे पाहिलं आणि हसल्या. "घातलो मगो बावटो?"

"घातलो," मी म्हटलं.

रस्त्याकडेला राहणाऱ्या बाईला कापड निवडायला वेगळं शिकवावं लागत नाही, असं आमच्या गावात समजतात. नियम एकच, लाल दिसू नये असं घ्यायचं. विटकरी, तपकिरी, काळपट मरून, फार तर चॉकलेटी. मराठीत त्याला शब्दही आहे, मळखाऊ. पेडण्यात माझ्या माहेरी हा शब्द प्रवासापुरता निघायचा. बसने लांब जायचं असलं की आई म्हणायची, मळखाऊ काहीतरी घाल. इथे लग्न होऊन आले तर पडदे मळखाऊ, चादरी मळखाऊ, बाळंतिणीच्या खोलीतलं दुपटंसुद्धा मळखाऊ. मळ जातो कुठे? कुठेच जात नाही. कापड तो पोटात घालतं आणि आपण म्हणतो, बरं दिसतंय. बायकांच्या बाबतीतही 'तिनं सगळं पोटात घातलं' असं आपण फार कौतुकानं म्हणतो. मला त्या कौतुकाचा राग येतो. मग त्या रंगांचा का येऊ नये?

पेडण्याचं आमचं घर शेताच्या कडेला आहे. आई कपडे धुवायची ते विहिरीपाशी, आणि वाळत घालायची ते कुंपणाच्या मेंदीवर. बाबा भजनाला जायचे. त्यांच्या धोतरांसाठी शेवटच्या पाण्यात ती नीळ घालायची, अगदी चिमूटभर, आणि बोटानं पाणी ढवळून बघत बसायची. दुपारी त्या धोतरांकडे बघवत नसे, इतकं ऊन त्यांच्यावरून परतायचं. संध्याकाळी घडी घालताना आई कापड नाकाला लावायची. "बघ गे, उनाचो वास," म्हणायची. मला वाटायचं, ऊन सगळीकडे सारखंच असतं आणि कपडे सगळीकडे असेच वाळतात. लग्नात मला चार चांगल्या फिक्या साड्या मिळाल्या होत्या. पहिल्या सिझनलाच त्या गुलाबी झाल्या, दुसऱ्याला विटकरी. तिसऱ्या सिझनला मी त्यांच्या उशा भरल्या.

मग खाणी बंद पडल्या. त्या बंद होण्याबद्दल बाहेरचे लोक बोलतात तसं मला बोलता येत नाही. माझ्या नवऱ्याचा, सुरेशचा, स्वतःचा टिपर आहे. तो फणसाखाली उभा राहिला तो वर्षानुवर्षं उभाच. सुरेशनं त्याच्यावर ताडपत्री टाकली, दोऱ्या आवळून बांधल्या, आणि दर पावसाळ्याआधी तो त्या गाठी तपासायचा. दुसऱ्याच्या पिकअपवर म्हापशाला भाजी पोचवायला जायचा आणि परत आला की आधी ट्रकाभोवती एक फेरी मारायचा. त्या वर्षांत आंब्याची पानं हिरवी झाली. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांना हात लावला तर हात स्वच्छ निघायचा. दोरीवरचे कपडे स्वच्छ होते आणि घरातले डबे हलके होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. म्हणून खाण पुन्हा सुरू होणार असं कळलं तेव्हा मीही देवापुढे नारळ ठेवला. सुरेशनं ताडपत्री सोडली, घडी करून गोठ्याच्या माळ्यावर टाकली, आणि ट्रकाला हार घातला. मला आज ती घडी आठवते. रिकामा होता तोवर ट्रक झाकलेला होता. भरायची वेळ आली तेव्हा उघडा झाला.

त्याच सिझनला मी शिवण शिकायला लागले. घरी मांयचं जुनं पायमशीन होतं, त्यावर आजवर उशांचे अभ्रे आणि परकरांच्या नाड्या यापलीकडे काही झालं नव्हतं. डिचोलीला बसस्टँडजवळ एका औषधाच्या दुकानावर क्लास होता. शिकवणारी बाई दोडामार्गकडची. गोव्यात शिकवणाऱ्या सगळ्याच टीचर, तशी हीही आमची टीचर. पहिले काही दिवस तिनं आमच्याकडून वर्तमानपत्रं कापून घेतली. मग म्हणाली, पुढच्या खेपेला प्रत्येकीनं आपापल्या कुर्त्याचं कापड आणायचं. निवड तुमची.

निवड तुमची म्हटल्यावर वर्गात जे आलं ते बघण्यासारखं होतं. एकीनं सॅटिन आणलं, चकचकीत जांभळं. टेबलावर ठेवलं की ते हळूहळू घसरत खाली जायचं आणि ती टाचण्या घेऊन त्याच्या मागे. एकीनं जॉर्जेट आणलं. कात्री लावली की कडेचे धागे सुटायचे आणि कापलेला गळा मोठा मोठा होत जायचा. तिसरीनं मोठ्या चौकटींचं घेतलं होतं, तिच्या पाठीवरच्या रेघा पोटावरच्या रेघांना कुठेच भेटेनात. टीचर कुणाला रागावली नाही. तिनं सॅटिनचा कोपरा उचलला आणि म्हणाली, "कापड आधी हातान बघूचां, मगे डोळ्यान. तुम्ही सगळ्यांनी रंगाक भुलान कापड घेतलास."

मी त्या दिवशी मुद्दाम काहीच नेलं नव्हतं. मला शुक्रवारच्या बाजाराची वाट बघायची होती. टीचरनं सांगितलेलं मी पाठ केलं. पहिलं कापड सुती असावं, नुसतं सुती. फार पातळ नको, फार जाड नको. साधं असावं, चौकटी नाही, रेघा नाही. कोपरा मुठीत धरून चुरगळायचा आणि मूठ उघडायची. पांढरी पूड हाताला लागली तर ती खळ आहे, पहिल्या धुण्यात जाईल आणि कापड मलूल पडेल. उजेडासमोर धरायचं, पलीकडची बोटं मोजता आली तर अस्तर लावावं लागेल आणि नवशिकीनं अस्तराच्या नादाला लागू नये. काठाच्या बाजूनं ओढायचं, मग आडवं, मग तिरकं. तिरकं ताणलं की कोणतंही कापड लबाडी करतं, हे आधीच ओळखून ठेवायचं. आणि घरी नेलं की कापण्याआधी एकदा धुवायचं, कारण सूत आटतं. न धुता शिवलं तर पहिल्या पावसात बाही कोपरापाशी येईल.

या सगळ्यात रंगाबद्दल तिनं एक शब्दही काढला नव्हता.

शुक्रवारी म्हापशाला कपड्यांच्या गल्लीत शिरले. बाहेर सुक्या कोळंबीची पाटी, मातीची मडकी, मिरच्यांचे ढीग. आत दुकानात गारवा आणि नव्या कापडाचा तो पिठासारखा वास. म्हाताऱ्या दुकानदारानं गादीवर बसायला सांगितलं. मी सुती साधं कापड मागितलं. त्यानं चश्म्यावरून बघितलं. "तुमी खंयच्यो?"

मी गावाचं नाव सांगितलं.

त्यानं पुढे काही विचारलं नाही. मागे वळला आणि फळीवरून तीन तागे काढून माझ्यापुढे उलगडले. एक विटकरी, एक तपकिरी, एक मरून. अगदी सवयीनं, जसा पाववाला पोदेर ओळखीच्या दारात न विचारता पाव मोजतो. "तुमच्या वाठाराक हेंच चलता," म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला, त्यात काही खोच नव्हती. उलट त्याला वाटलं असेल, बाईचा वेळ वाचवला.

मी त्या तीन ताग्यांकडे बघत बसले. आमच्या गावची धूळ माझ्याआधी बस पकडून म्हापशाला पोचली होती. तिनं दुकानात शिरून माझ्यासाठी फळी ठरवली होती. मला आता मत उरलं नव्हतं, फक्त गाव उरलं होतं. मला असा काही संताप आला की माझंच हसू यायला हवं होतं, कापडाच्या दुकानात कुणी एवढं चिडतं का? पण आलं नाही.

"पांढरं दाखवा," मी म्हटलं.

त्याला ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा म्हटलं. त्याच्या भाषेत म्हटलं, म्हणजे शंका नको. "धवें दाखयात."

"बाये, धवें तिगचें ना थंय."

"टिको न टिको. दाखवा."

त्यानं शिडी लावली आणि वरून पांढरं केंब्रिक काढलं. मी कोपरा चुरगळला. पूड लागली नाही. उजेडासमोर धरलं, बोटांची नुसती सावली दिसली. उभं ओढलं, आडवं ओढलं. टीचरच्या सगळ्या परीक्षांत ते कापड पास झालं. तो कात्री चालवत होता तेव्हा मी उगाच दाराकडे बघत होते, जणू मी काही चोरून नेत होते.

घरी पिशवी उघडली तेव्हा सुरेश ट्रकाचे नट आवळून आला होता. त्यानं कापड बघितलं, स्वतःचे हात बघितले, आणि दोन पावलं मागे सरकला. "तुजें डोकें सारकें आसा मगो?" मांयनी मात्र कापड मांडीवर घेतलं आणि हात फिरवत राहिल्या. माझे सासरे गेले तेव्हा रीतीप्रमाणे त्यांना पांढरं लुगडं आणलं होतं, हे मला ऐकून माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या स्वतः बोलल्या. "आमच्या रस्त्यार म्हज्या नशिबांत विधवेचें धवें लेगीत उरलें ना गो बाये. एका म्हयन्यान तांबडें. मागीर तपकिरी घेतलें, सोंपलें." आणि हसल्या. नेसायला नको होतं तेही लादलं गेलं, आणि लादलेलंसुद्धा त्यांचं म्हणून राहिलं नाही.

आता टीचर म्हणाली होती, कापण्याआधी धुवायचं. मी धुतलं. शेवटच्या पाण्यात आईसारखी नीळ घातली. सकाळी दोरीवर टाकलं, लांबच्या लांब, एकही सुरकुती न ठेवता. अंगणात एवढा उजेड झाला की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. आणि मग ट्रीपा सुरू झाल्या. एक टिपर गेला, त्याच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे सुरेशचा. त्यानं सवयीनं हॉर्न दिला, मी सवयीनं हात केला. पाणी मारणारा टँकर त्या दिवशी आला नाही. तो कधी येतो हे टँकरलाच ठाऊक. दुपारी मी बाहेर गेले तर कापडाची रस्त्याकडची बाजू गुलाबी झाली होती आणि घराकडची अजून पांढरी होती. बोट ओढलं तर रेघ उठली. मी अजून एक टाकाही घातला नव्हता.

लोखंडाचा डाग साबणानं जात नाही, हे इथल्या पोरींना अआइईच्या आधी कळतं. बाजारातलं ब्लीच घातलं तर तो आणखी पक्का बसतो. आमचा उपाय एकच, बिंबलं. परसातल्या झाडाची आंबट बिंबलं ठेचायची, मिठाबरोबर डागावर चोळायची आणि उन्हात ठेवायचं. मी पाटीभर बिंबलं ठेचली. हाताची कातडी सोलवटली. कापड पुन्हा पांढरं झालं, पण वाळवायचं कुठे? मांय म्हणाल्या, आत दोरी बांध, चुलीवर. सगळ्या घरांत सिझनला अशीच आत दोरी असते. ओले कपडे धुराच्या वासासकट डोक्यावर लोंबतात आणि खाली आपण जेवतो.

"बाहेर ऊन आहे," मी म्हटलं. "ऊन आपलं आहे."

रविवारी ट्रक बंद असतात. मी रविवारपर्यंत थांबले. त्या रविवारी ते कापड असं वाळलं की संध्याकाळी मी ते नाकाला लावून उभी राहिले. उन्हाचा वास. पेडण्याच्या विहिरीवरचा.

कापताना कात्री रेघेवरून सुटली ती सुटलीच. पण चांगलं सुती कापड नवशिक्याशी फार समजूतदारपणे वागतं, हे मला तेव्हा कळलं. ठेवलं तिथे राहतं. घडी सांगितली की घडी धरतं. टाका चुकला तर उसवू देतं आणि चुकीची खूण ठेवत नाही. बाहीचा गोल मी चार वेळा उसवला. टीचर शेवटी म्हणाली, "पुरे आता, कापडाकडे बघ, तां दमला." गळा जरा डावीकडे गेला तो अजून तसाच आहे. पण तो कुर्ता घालून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा गळ्याकडे माझं लक्षच नव्हतं. इतक्या वर्षांत या घरात मी पहिल्यांदा पांढरी दिसत होते.

आणि मग मी ठरवलं की तो बाहेरच वाळेल. रोजच्या दिवशी, ट्रकांच्या दिवशी, बाहेर. आणि बिंबलं चोळायची नाहीत.

हे हट्टाचं होतं, मान्य आहे. पण विचार करा, आम्ही काय करत होतो? डाग काढत होतो, कपडे आत घेत होतो, जनेलं लावून घेत होतो, तपकिरी नेसत होतो. धूळ आमच्या दारात आली आणि आम्हीच तिच्यासाठी घर आवरून दिलं. बाहेरून येणाऱ्याला काही दिसू नये याची सगळी मेहनत आमची. त्या सिझनभर माझा कुर्ता दोरीवर होता. आधी गुलाबी, मग गेरूसारखा, मग सुकलेल्या रक्तासारखा. शेजारणी म्हणायच्या, काढ गो तो, बघवत नाही. मी म्हणायचे, म्हणूनच ठेवलाय.

काजू मोहरायच्या सुमारास ग्रामसभा झाली, शाळेच्या हॉलमध्ये. मी तो कुर्ता घालून गेले. तसाच, झटकलासुद्धा नाही. मागच्या रांगेत बायका बसतात तिथे बसले, आणि माझ्या शेजारची खुर्ची जरा दूर सरकवली गेली. सुरेश पुढे ट्रकवाल्यांच्या घोळक्यात होता. त्यानं मला पाहिलं आणि मान फिरवली. खाणीचे एक साहेब आले होते. चांगले बोलले. रोजगाराबद्दल बोलले, धुळीबद्दलही बोलले. धूळ मर्यादेत आहे म्हणाले.

त्यांचा शर्ट पांढराशुभ्र होता. सगळ्या हॉलमध्ये तेवढा एकच.

मी उठून उभी राहिले. "सायब, तुमचो खमीस बरो धवो आसा. एक दीस आमच्या दोरयेर सुकत घालात. सांजवेळां ताका जो रंग येता, ती तुमची मर्यादा."

थोडं हसणं झालं, आणि मग ते थांबलं. ट्रकवाल्यांतून एकजण ओरडला, "हिका खाण बंद जाय जाल्या! घोवाचो ट्रक विकपाचो आसा कितें गो तुका?"

तिथे मला खरं भान आलं. फणसाखालचा झाकलेला ट्रक डोळ्यांसमोर आला. त्या रिकाम्या डब्यांचा आवाज आठवला. भांडण खाण बंद करण्यावर नेऊन ठेवायचं नाही, हेही मला तेवढ्यात कळलं. मी सुरेशकडे बघून बोलले, बाकी कुणाकडे बघितलंच नाही. "बंद करा म्हणना हांव. धांपा म्हणटां. पोदेर पावार प्लास्टीक घालून येता. तुमकां मातयेर ताडपत्री घालूंक जायना?"

धांपा म्हणजे झाका. एवढंच माझं मागणं होतं आणि अजून तेवढंच आहे. सभेत काही ठरलं नाही. बघू, करू, कळवू. बाहेर पडताना दोन बायकांनी माझ्या बाहीला हात लावला आणि आपापली बोटं बघितली.

सुरेश माझ्याशी बोलायचा बंद झाला. जेवायचा, उठायचा, जायचा. ट्रकवाल्यांनी त्याला काय काय ऐकवलं असेल ते मी विचारलं नाही. गावात माणसाचं नाक नेमकं कुठे कापलं जातं हे मला ठाऊक आहे. त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, फार वाटत होतं. पण कुर्ता मी दोरीवरून काढला नाही.

मग एका सकाळी गोठ्याच्या माळ्यावर धडपड ऐकू आली. बाहेर आले तर अंगणात ताडपत्री पसरलेली, तीच, घडीवर घडी पडून कोपऱ्यांत फाटलेली. सुरेश तिच्या मधोमध उकिडवा बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हें शिवपाक जाता?"

मी कोपरा मुठीत धरला. हात चुरगळायला गेला आणि चुरगळेना. "मशिनीर जावचें ना," मी म्हटलं. "दाभण जाय."

टीचरनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, कापड बघून सुई घ्यायची. आतापर्यंत ते मला केंब्रिकपुरतं वाटत होतं. त्या दिवशी दाभणानं आणि मेणाच्या दोऱ्यानं मी ताडपत्री शिवली. मांय दुसऱ्या टोकाला धरून बसल्या. ते काही शिवणकाम म्हणून मिरवण्यासारखं नव्हतं, पण टाके आजवर सुटलेले नाहीत. सुरेशचा ट्रक त्या दिवसापासून झाकून जातो. झाकायला-सोडायला वेळ लागतो, त्याची दिवसाची एक ट्रीप बुडते. त्याला वळणावर नाव ठेवतात. मी विचारलं, राग येतो का? म्हणाला, "येता. पूण फाटल्यान पळयतां तेन्ना म्हज्या ट्रकाफाटल्यान रस्तो दिसता." इतरांच्या मागे दिसत नाही, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसलं असावं.

म्हणून मी जिंकले असं कुणी समजू नये. यंदाही टँकर त्याला वाटेल तेव्हा येतो. काही ट्रक झाकलेले जातात, बरेचसे उघडे. ज्यांनी झाकलंय त्यांतले काही चेकनाका ओलांडला की सोडतात. परवा टांगलेल्या कुर्त्यावर कालपर्यंत खांद्यापाशी ताजी लाल धूळ बसायला लागली होती. त्याच्यावर आता इतक्या सिझनचे थर आहेत की मूळ पांढरं फक्त शिवणीच्या आत उरलंय. मी कधीकधी शिवण उलटी करून बघते. आहे अजून.

लोक विचारतात, आता शिवण चांगलं येतं तर एखादा नवा छान रंग का नाही घेत? मोरपंखी घे, पिस्ता घे. घेते की. क्लास सोडल्यावर मी पुष्कळ शिवलं, जॉर्जेटसुद्धा वठणीवर आणलं. पण सिझन आला की पांढरंच. कापड अंगाला सोसेल असं निवडावं, कामाला टिकेल असं निवडावं, हे सगळं खरं. टीचरच्या त्या परीक्षांत मी माझ्यापुरती एक वाढवली आहे. कापडानं खरं बोललं पाहिजे.

काल शुक्रवार होता. म्हापशाला निघाले तर मांय दारात चपला घालून उभ्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या बाजाराला आल्या नव्हत्या. गुडघे ऐकत नाहीत. ब्लाऊजचं कापड घ्यायचंय म्हणाल्या. मी म्हटलं, सांगा, मी आणते. "ना. म्हाका पळोवन घेवंक जाय," म्हणाल्या. बसमध्ये जनेलापाशी बसल्या आणि म्हापसा येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

तेच दुकान, तीच गादी. दुकानदार आणखी म्हातारा झालाय. मला ओळखलं नाही, पण मांयना विचारलं, खंयच्यो, आणि गावाचं नाव ऐकल्यावर हात आपोआप त्या फळीकडे गेला. तपकिरी तागा काढला, झटकन उलगडला. मांयच्या अंगावरच्या लुगड्याचाच रंग.

मांयनी तळहातानं तो तागा बाजूला सारला. "हें न्हय. धवें दाखय."

"मांय, तुमच्या वाठारांत धवें तिगना."

"तें हांव पळयतां. तूं दाखय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग त्यानं शिडी लावली आणि वरच्या फळीवरून पांढरा तागा खाली काढला. मांयनी कोपरा मुठीत घेतला, चुरगळला, मूठ उघडून तळहात बघितला. दाराकडे तोंड करून कापड उजेडासमोर धरलं आणि त्याच्याआडून आपलीच बोटं निरखली. मग ते दुकानदारापुढे सरळ करून ठेवलं.

"कातर," त्या म्हणाल्या.